साधा मजकूर, आकृति आणि छापील पान

विजेचें बिल, आगगाडीचें तिकीट, परीक्षेचें प्रवेशपत्र, एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल, हें सारें आज आपल्या घरीं ज्या रूपानें येतें त्याला 'पीडीएफ' म्हणतात, हें आतां लहान मुलांसही ठाऊक आहे. संगणकाच्या पडद्यावर ही फाईल उघडली कीं हुबेहूब छापील पान दिसतें, आणि छापयंत्राकडे धाडली कीं तेंच पान कागदावर उतरतें. पण हें पान मुळांत तयार कसें होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचे दोन मार्ग आहेत. पडद्यावर पान मांडून, अक्षर लहानमोठें करीत, चित्र हातानें इकडचें तिकडे सरकवीत बसणें, हा पहिला मार्ग. आपल्यापैकीं बहुतेकांच्या परिचयाचा तोच आहे. दुसरा मार्ग असा कीं, सारा मजकूर अगदीं साध्या अक्षरांत टंकून काढावयाचा, हें प्रकरणाचें नांव, हा परिच्छेद, ही यादी, अशा थोड्याशा खुणा त्यांतच करावयाच्या, आणि पान जुळविण्याचें काम यंत्रावर सोंपवावयाचें. गणिताचे ग्रंथ, शास्त्रीय निबंध आणि संगणकविषयक माहितीपुस्तकें मोठ्या प्रमाणावर या दुसऱ्या मार्गानें तयार होतात.

या मार्गांत मोठा अडसर होता तो आकृतीचा. शब्द अक्षरांनीं लिहितां येतात. आकृति अक्षरांनीं कशी लिहावयाची? आणि ती लिहितां आली नाहीं, तर मजकूर एकीकडे व आकृति दुसरीकडे अशी ताटातूट कायमचीच राहणार. हा अडसर कोणी व कसा दूर केला, आणि त्या इतिहासापासून आपण मराठी भाषकांनीं काय घ्यावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आकृतीची ही अडचण संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. योहानेस गुटेनबर्ग यानें जर्मनींतील माइन्झ शहरीं बायबल छापलें तें १४५५ च्या सुमारास. युक्लिडच्या भूमितीसारखा जगन्मान्य ग्रंथ छापून निघावयास त्यानंतर सुमारें सत्तावीस वर्षें जावीं लागलीं. तो १४८२ सालीं व्हेनिस येथें एर्हार्ट राटडोल्ट या मुद्रकानें छापला. त्याच्या अर्पणपत्रिकेंत राटडोल्टनें या विलंबाचें कारणही सांगून ठेवलें आहे. इतर विषयांवरील ग्रंथ एवढे छापले जात असतां गणिताचे मात्र थोडे कां, तर आकृत्या छापण्याच्या अडचणीमुळें. आपण परिश्रमपूर्वक त्यावर उपाय शोधला असून आतां आकृत्याही अक्षरांइतक्याच सुलभतेनें छापतां येतात, असा त्याचा दावा होता. ग्रंथाच्या समासांत चारशेंहून अधिक आकृत्या आहेत, आणि त्या आजही पाहत राहाव्या अशा रेखीव आहेत.

अडचण केवळ कारागिरीची नव्हती. भूमितीचा सिद्धांत वाचतांना आपण काय करतों तें पाहा. 'कखग हा त्रिकोण घ्या; खग या बाजूचा मध्यबिंदु म आहे' असें पुस्तक सांगतें, आणि आपली नजर लागलीच आकृतीकडे वळते. मजकूर व आकृति हे एकाच विधानाचे दोन भाग असतात. आकृतींत ख आणि म या अक्षरांची अदलाबदल झाली, तर सिद्धता शब्दशः बरोबर असूनही वाचणाराला ती चुकीची वाटते. आणि विद्यार्थी मनाचा हळवा असला, तर तो पुस्तकावर संशय न घेतां स्वतःच्या बुद्धीवरच घेतो.

छापखान्यांत मात्र हे दोन भाग दोन निरनिराळ्या हातांत पडत. मजकूर जुळाऱ्याच्या हातीं जाई. तो खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. आकृति ब्लॉक करणाराच्या हातीं जाई. तो ती पूर्वीं लांकडावर कोरी, पुढील काळांत जस्ताच्या पत्र्यावर अम्लानें उठवी, आणि तो ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा करून मजकुराशेजारीं बसविला जाई. मुद्रितांत अक्षराची चूक सांपडली तर जुळारी चिमट्यानें एक खिळा काढी व दुसरा बसवी. ब्लॉकांत चूक सांपडली तर बहुधा नवा ब्लॉकच करावा लागे. त्याला दिवस लागत आणि पैसाही पडे. मग पुढल्या आवृत्तींत मजकूर सुधारे आणि आकृति जुनीच राही, हें ओघानेंच आलें.

शिळाछापानें ही दरी एका परीनें बुजविली. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर यानें बव्हेरियांत शोधून काढलेल्या या पद्धतींत सपाट दगडावर तेलकट शाईनें लिहावयाचें असतें. अक्षर कोणतें आणि रेघ कोणती, असा भेद दगड करीत नाहीं. म्हणून मजकूर व आकृति एकाच पानावर एकाच हातानें उतरूं शकतात. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें याच शिळाछापावर. परंतु या पद्धतींत दुसरी उणीव होती. मध्येंच एक वाक्य वाढलें, तर पुढचा मजकूर सरकावयाचा कोठें? पान पुन्हां लिहिणें भाग पडे. थोडक्यांत, खिळ्यांच्या छपाईंत दुरुस्ती सोपी पण आकृति परकी. शिळाछापांत आकृति जवळची पण दुरुस्ती अवघड. हे दोन्ही गुण एके ठिकाणीं यावयास विसावें शतक उलटत आलें.

आतां त्या शतकाकडे वळूं. हस्तलिखित छापखान्यांत जाण्यापूर्वीं संपादक त्यावर पेन्सिलीनें खुणा करीत असे: हा मथळा मोठ्या अक्षरांत घ्या, हा शब्द तिरपा, येथें एक ओळ सोडा. संगणकशास्त्रांतील 'मार्कअप' हा शब्द याच खुणांवरून आला आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जेरोम साल्टझर या तरुण संशोधकानें 'रनऑफ' नांवाचा एक प्रोग्राम लिहिला. त्याला आपल्या प्रबंधाचा आराखडा टंकून हवा होता, हें त्याचें निमित्त. रीत अगदीं साधी होती. मजकूर जसाच्या तसा टंकावयाचा. मात्र ज्या ओळीच्या आरंभीं टिंब असेल, ती ओळ मजकूर नसून यंत्राला दिलेली आज्ञा समजावयाची. यंत्र ती आज्ञा पाळी, पण छापीत नसे. तोंवर टंकलिखित प्रबंधांत एक परिच्छेद वाढला कीं पुढचीं सारीं पानें पुन्हां टंकावीं लागत. आतां एक ओळ बदलावयाची आणि यंत्राला सांगावयाचें, पुन्हां काढ. दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नाहींसा झाला.

१९६९ मध्यें आय. बी. एम. कंपनींत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी या तिघांनीं या कल्पनेला आणखी खोली दिली. खूण 'मोठें अक्षर' अशी न करतां 'मथळा' अशी करावी, असें त्यांचें धोरण होतें. वस्तु काय आहे तें लेखकानें सांगावें. ती कशी दिसावी हें मागाहून ठरवावें. असें केलें म्हणजे त्याच मजकुरापासून ग्रंथ छापतां येतो, पडद्यावरचें पान करतां येतें आणि अंधांसाठीं ब्रेल प्रतही काढतां येते. याच बीजापासून वाढलेली पद्धति १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

परंतु आकृतीचें काय? तिचें उत्तर न्यू जर्सी संस्थानांतील बेल प्रयोगशाळेंत मिळालें. तेथें केन थॉम्प्सन, डेनिस रिची आदि मंडळी 'युनिक्स' ही संगणकप्रणाली उभारीत होती. तिला पैसा मिळाला तो एका व्यवहारी कारणासाठीं. प्रयोगशाळेच्या पेटंट खात्याला अर्ज टंकून हवे होते, आणि त्या अर्जांच्या ओळींवर क्रमांक घालण्याची सोय हवी होती. १९७१ सालीं या खात्यांतील तीन टंकलेखिका नव्या यंत्रावर दिवसभर अर्ज तयार करूं लागल्या. त्या यंत्राची तबकडी अर्ध्या मेगाबाईटची होती; आजच्या खिशांतल्या टेलिफोननें टिपलेलें एक छायाचित्रही तींत मावावयाचें नाहीं. त्यानंतर १९७३ च्या सुमारास जोसेफ ओसाना यानें 'ट्रॉफ' हा प्रोग्राम लिहिला. त्याचें काम कागदावर टंकण्याचें नव्हतें. प्रकाशाच्या साहाय्यानें अक्षरें फिल्मवर उमटविणाऱ्या जुळणीयंत्राला तो आज्ञा देई. त्या यंत्रांत एका वेळीं चारच फाँट बसत आणि प्रत्येकांत १०२ आकार असत. एवढ्या सामग्रीवर ग्रंथ जुळविले जाऊं लागले.

ओसाना १९७७ सालीं निवर्तला. त्याचा प्रोग्राम पुढें चालविण्याचें काम ब्रायन कर्निघन यानें अंगावर घेतलें. कर्निघन व लोरिंडा चेरी यांनीं त्यापूर्वींच गणिताचीं समीकरणें शब्दांनीं लिहिण्याची भाषा तयार केली होती. एखादा शिक्षक फळ्याकडे पाठ करून तोंडानें समीकरण सांगतो, 'अ भागिले ब, त्याचें वर्गमूळ', तशीच ती वाचली जाई. माइक लेस्क यानें कोष्टकांसाठीं निराळा प्रोग्राम लिहिला. आणि नंतर कर्निघननें आकृतीला हात घातला. 'पिक' या त्याच्या भाषेवरील निबंध १९८२ सालीं प्रसिद्ध झाला.

या भाषेंत आकृति काढावयाची नसते, सांगावयाची असते. एक चौकोन, त्यांत 'विहीर' हा शब्द. त्याच्या उजवीकडे बाण. त्यापुढें दुसरा चौकोन, त्यांत 'टांकी'. असें साध्या शब्दांत लिहिलें कीं यंत्र मापें घेऊन रेघा ओढतें. उद्यां टांकीच्या आधीं पंप दाखवावयाचा झाला, तर एक ओळ वाढवावयाची. पुढचे चौकोन आपोआप सरकतात. ब्लॉक नाहीं, कोरणें नाहीं. अक्षराची दुरुस्ती आणि आकृतीची दुरुस्ती यांचा खर्च प्रथमच सारखा झाला. राटडोल्टनें जें छपाईच्या बाबतींत म्हटलें होतें, तें दुरुस्तीच्याही बाबतींत खरें होण्याला पांचशें वर्षें लागलीं.

आकृति मजकुरांत गुंफण्याची त्यांची युक्तिही ध्यानांत घेण्याजोगी आहे. आकृतीच्या वर्णनाच्या आधीं एक आरंभखूण आणि शेवटीं एक अंतखूण असे. सबंध फाईल प्रथम आकृतीच्या प्रोग्रामामधून जाई. तो दोन खुणांच्या मधला भाग तेवढा उचलून त्याच्या रेघा करी आणि बाकीच्या मजकुराला हात न लावतां पुढें सोडी. मग ती कोष्टकांच्या प्रोग्रामाकडे, तेथून समीकरणांच्या प्रोग्रामाकडे आणि अखेरीस ट्रॉफकडे जाई. एकाखालीं एक चाळण्या मांडाव्या आणि प्रत्येकीनें आपापल्या जातीचा दाणा अडवावा, तसा हा प्रकार. प्रत्येक प्रोग्राम लहान, एकच काम करणारा, आणि दुसऱ्याच्या कामांत न पडणारा.

याच प्रयोगशाळांच्या परंपरेंत पुढचें पाऊल पडलें. पिक भाषेंत कोणता चौकोन कोणत्या बाजूस हें लेखकालाच सांगावें लागे. १९९३ सालीं एम्डेन गान्सनर, स्टीफन नॉर्थ व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत 'डॉट' या प्रोग्रामाची रीत सांगितली आहे. तेथें लेखक केवळ संबंध सांगतो: विहिरीकडून पंपाकडे, पंपाकडून टांकीकडे, टांकीकडून दोन नळांकडे. कोण वर, कोण खालीं, रेघा एकमेकींना कमींत कमी ठिकाणीं कशा छेदतील, हें गणित यंत्र करतें. 'मथळा आहे एवढें सांगा, तो कसा दिसावा तें नंतर पाहूं' हें जें तत्त्व मजकुराला लागू झालें होतें, तेंच आतां आकृतीलाही लागू झालें.

इकडे हें चाललें असतां कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड विद्यापीठांत डोनाल्ड नूथ हे गणिती एका वेगळ्याच कारणानें अस्वस्थ झाले होते. त्यांच्या 'द आर्ट ऑफ कंप्यूटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेचे आरंभींचे खंड धातूच्या खिळ्यांवर उत्तम जुळविलेले होते. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें नव्या प्रकाशजुळणीनें तयार होऊन आलीं, तीं पाहून त्यांचें मन विटलें. त्यांनीं ग्रंथलेखन बाजूला ठेवलें आणि गणित नीट जुळविणारा 'टेक' हा प्रोग्राम स्वतःच लिहावयास घेतला. थोड्या महिन्यांत संपेल असें वाटलेलें काम पुष्कळ वर्षें चाललें. हा प्रोग्राम त्यांनीं जगाला विनामूल्य दिला, आणि १९९० सालीं जाहीर केलें कीं, यापुढें त्यांत नवी भर घालावयाची नाहीं, दोष तेवढे काढावयाचे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर त्याचा क्रमांक वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराच्या, म्हणजे पायच्या, एकेक अंकानें जवळ जातो. लेस्ली लँपोर्ट यांनीं त्यावर उभारलेली 'लाटेक' ही सोपी भाषा गणिती जगांत रूढ झाली. नूथ यांनीं याबरोबरच 'मेटाफाँट' हाही प्रोग्राम लिहिला. त्यांत अक्षराचें वळण समीकरणांनीं सांगावयाचें असतें. म्हणजे अक्षर हीदेखील एक आकृतिच, आणि तीही शब्दांत लिहितां येते.

तरीही एक दुवा राहिला होता. प्रत्येक छापयंत्राची बोली निराळी. एका यंत्रासाठीं तयार केलेलें पान दुसऱ्या यंत्राला कळत नसे. १९८२ सालीं जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनीं 'अडोबी' ही कंपनी काढली आणि १९८४ मध्यें पानाचें वर्णन करणारी 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा पुढें आणली. या भाषेंत अक्षर, रेघ व छायाचित्र हीं एकाच पद्धतीनें वर्णिलीं जातात. १९९३ सालीं त्याच कंपनीनें तिच्यापासून घडविलेलें पीडीएफ हें रूप प्रसिद्ध केलें. २००८ पासून तें आंतरराष्ट्रीय मानक आहे. छापावयाचें पान ज्यांत बांधून ठेवावयाचें, ती पेटी अशी तयार झाली.

एवढें सारें झालें, पण तें तज्ज्ञांपुरतें होतें. लाटेकच्या खुणा सामान्य माणसाला भिवविणाऱ्या. २००४ सालीं जॉन ग्रूबर यानें, ॲरन स्वार्ट्झ याच्या साहाय्यानें, 'मार्कडाऊन' ही अत्यंत सोपी पद्धति मांडली. पत्र लिहितांना आपण सहज ज्या खुणा करतों त्याच तिच्या खुणा: यादींतील प्रत्येक ओळीआधीं एक लहान रेघ, महत्त्वाच्या शब्दाच्या दोहों बाजूंस तारका. फाईल कच्च्या रूपांतही सुखानें वाचतां येते, हा तिचा खरा गुण. त्यानंतर दोन वर्षांनीं, २००६ सालीं, बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनीं 'पॅनडॉक' हा रूपांतर करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांतील युक्ति अंकगणिताची आहे. दहा प्रकारचा मजकूर दहा रूपांत न्यावयाचा, तर शंभर दुभाषे लागतील. पण सारा मजकूर आधीं एका समाईक रूपांत आणला, आणि तेथून हव्या त्या रूपांत नेला, तर दहा आणि दहा असे वीस पुरतात. हें समाईक रूप वंशवृक्षासारखें असतें: ग्रंथाला प्रकरणें, प्रकरणाला परिच्छेद, परिच्छेदाला शब्द.

आणि येथें जुनी चाळणी पुन्हां अवतरते. मार्कडाऊनमध्यें आकृतीचें वर्णन तीन उलट्या अवतरणचिन्हांच्या दोन कुंपणांमध्यें लिहितात. रूपांतर होत असतां मध्यें बसविलेला एक लहान प्रोग्राम वंशवृक्षाच्या फांदीफांदीवरून फिरतो, असें कुंपण दिसलें कीं आंतलें वर्णन आकृति काढणाऱ्या प्रोग्रामाकडे देतो, आणि वर्णनाच्या जागीं तयार चित्र ठेवतो. मग तो वृक्ष लाटेककडे किंवा दुसऱ्या जुळणीप्रोग्रामाकडे जातो आणि पीडीएफ होऊन बाहेर पडतो. १९८२ सालची आरंभखूण व अंतखूण आणि आजचीं हीं दोन कुंपणें यांत तत्त्वतः भेद नाहीं.

व्यवहारांत मात्र अडचणी आहेत. कनूट स्वेडक्विस्ट यानें २०१४ सालीं आरंभ केलेली 'मर्मेड' ही आकृतींची भाषा आज लोकप्रिय आहे. पण तिची आकृति संकेतस्थळें पाहण्याच्या ब्राउझरमध्यें काढली जाते. कागदावरचें पान करतांना ब्राउझर कोठून यावा? म्हणून पडद्याआड, कोणास न दिसणारा ब्राउझर चालवून आकृति काढून घ्यावी लागते. तो दुवा तुटला, तर पानावर आकृतीच्या जागीं तिचें कच्चें वर्णनच छापलें जातें. आकृति रेघांच्या रूपांत न घेतां ठिपक्यांच्या रूपांत घेतली, तर पडद्यावर चांगली दिसते आणि कागदावर कडा फाटक्या येतात. रुंद आकृति अरुंद पानांत बसवितांना तिच्यांतील अक्षरें मुंगीएवढीं होतात. छापण्यापूर्वीं हें डोळ्यांनीं पाहणारा मुद्रितशोधक आजही लागतो.

आपल्या लिपीची अडचण तर आणखी वेगळी. देवनागरी जुळाऱ्याला जोडाक्षरांमुळें शेंकडों खिळे लागत. १०२ आकारांच्या फाँटांत तिचा निभाव लागणें कठीणच. शिवाय 'कि' या अक्षरांत उच्चार आधीं 'क'चा, पण वेलांटी लिहावयाची 'क'च्या आधीं. संगणक मजकूर उच्चाराच्या क्रमानें सांठवितो. पानावर तो लेखनाच्या क्रमानें मांडणें हें निराळें काम आहे. मूळच्या टेक प्रोग्रामाला तें येत नसे. १९९१ सालीं हॉलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठांतील फ्रान्स वेल्टहाउस यांनीं देवनागरीचा फाँट मेटाफाँटमध्यें रेखिला आणि रोमन अक्षरांत टंकलेल्या मजकुराची देवनागरी जुळणी करणारा प्रोग्राम दिला. २००४ मध्यें जोनथन क्यू यांनीं 'झीटेक' हा प्रोग्राम आणल्यावर युनिकोडमधील देवनागरी मजकूर सरळ टेकच्या मार्गानें छापतां येऊं लागला. तरीही आकृतीच्या पेटींतील शब्दांकडे लक्ष द्यावेंच लागतें. मजकुराला फाँट मिळाला आणि आकृति काढणाऱ्या प्रोग्रामाला मिळाला नाहीं, तर चौकोनांत 'विहीर' या शब्दाऐवजीं रिकामे चौकोनच उमटतात.

श्रोतेहो, एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. पान पडद्यावर हातानें मांडून पीडीएफ काढलें म्हणजे काम झालें नाहीं काय? छपाईपुरतें झालें. पण छपाई हा मजकुराचा शेवट नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं, १९९० नंतरच्या दशकांत, मराठी पुस्तकें व मासिकें मोठ्या संख्येनें अशा फाँटांवर जुळविलीं गेलीं कीं ज्यांत कोणत्या क्रमांकाला कोणता आकार हें ज्यानें त्यानें आपल्या मतानें ठरविलें होतें. तो फाँट आज हाताशीं नसेल, तर फाईल उघडते, पण तींत मराठी नसते. रोमन अक्षरें व चिन्हें यांचा चिवडा असतो. छापील पुस्तक कपाटांत आहे, पण त्याची दुसरी आवृत्ति काढावयाची तर सारें पुन्हां टंकावें लागतें. पीडीएफचीही गोष्ट थोडीफार अशीच. पानावर कोणता आकार कोठें बसवावयाचा याची नोंद त्यांत चोख असते. पण त्यांतून मराठी वाक्य उचलून पाहा, पुष्कळदां वेलांट्या व जोडाक्षरें विस्कटलेलीं हातीं येतात.

म्हणून या साऱ्या इतिहासाचें सार माझ्या मतें असें आहे. छापील पान हें फळ आहे आणि साधा मजकूर हें बीं आहे. फळ नासलें तर बियांपासून पुन्हां झाड करतां येतें. १९७१ सालच्या त्या टंकलेखिकांचें यंत्र आज चालत नसेल. पण टिंबानें आरंभ होणाऱ्या ओळींची फाईल आजही कोणत्याही संगणकावर उघडते आणि डोळ्यांनीं वाचतां येते. आकृतीचें वर्णन शब्दांत असेल, तर तेंही असेंच टिकतें. आकृति काढणारा प्रोग्राम उद्यां नष्ट झाला, तरी 'विहिरीकडून पंपाकडे, पंपाकडून टांकीकडे' हें वाक्य वाचून कोणीही शाळकरी मुलगा ती पाटीवर काढील.

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नकाशा, वनस्पतीचें चित्र, किल्ल्याचा देखावा, हीं कामें चित्रकाराच्या हाताचीं आहेत. शब्दांनीं आकृति सांगण्याची रीत चौकोन, बाण, आलेख, वंशवृक्ष अशा संबंधदर्शक चित्रांपुरतीच खरी उपयोगी. यंत्रानें मांडलेली आकृति कित्येकदां बेडौल येते, आणि कुशल जुळाऱ्यानें जी जागा नजरेनें सोडली असती ती यंत्राला सुचत नाहीं. शिवाय प्रोग्रामांची माळ जितकी लांब, तितके तिचे मणी निसटण्याचे प्रसंग अधिक. यास्तव शहाणपणाची रीत ही कीं, दोन्ही ठेवावें: छापलेल्या रूपाची एक पीडीएफ प्रत, आणि तिच्या शेजारीं जिच्यापासून ती झाली ती साध्या मजकुराची, युनिकोडमधील फाईल. दीर्घकाळ जतन करण्याजोग्या पीडीएफचेंही एक वेगळें मानक २००५ सालीं ठरलेलें आहे. लागणारे सर्व फाँट अशा फायलींत बरोबरच बांधलेले असतात.

आपल्या घरोघरीं आज कांहीं ना कांहीं लिहिलें जात आहे. कोणी कुलवृत्तान्त जमवीत आहे आणि त्याला वंशवृक्ष जोडीत आहे. कोणी गृहसंस्थेच्या पाण्याच्या नळांची मांडणी लिहून ठेवीत आहे. कोणी आजीच्या पाककृति. हीं टिपणें आज छापून सुबक दिसावींत, ही इच्छा रास्तच आहे. पण तीस वर्षांनीं आपल्या नातवाला त्या वंशवृक्षांत एक नांव वाढवावेंसें वाटेल, तेव्हां त्याच्या हातीं केवळ पानाचें चित्र लागावें कीं ज्यांत एक ओळ लिहितां येईल असा मजकूर लागावा, याचा निर्णय आज लिहिणारानें करावयाचा आहे. वंशवृक्ष तो; त्याला पुढें फांदी फुटणारच. ती जोडावयास जागा ठेवणें हें आपलें काम.